नववा चौकोन

हौसाबायचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी पाहिली ती त्यांची पाठ.

आम्ही नायगावला राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. रविवारी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर उंबऱ्याच्या पलीकडे, लिफ्टकडे तोंड करून, एक बाई उकिडवी बसलेली. हिरवं लुगडं, घट्ट अंबाडा, त्यात अबोलीची वेणी. कडी वाजली, दार उघडलं, तरी मान वळली नाही. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी आल्या असतील, दमून टेकल्या असतील.

"कोण हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"तुजी पोर पायजे," पाठ म्हणाली.

मी दार अर्धवट लोटलं आणि फटीतून विचारलं, "कशाला?"

"खेलाला. रस्त्यानं कुत्र्याच्या मागं धावताना बगलंय मी तिला. पाय चांगला हाय. तू हो बोल, मंग मी उठतंय."

मी हो म्हटलं नाही. मी चहा केला, आंघोळ केली, पोळ्या लाटल्या. मधून मधून दाराच्या भिंगातून पाहिलं, तर पाठ तिथंच, इंचभरही न हललेली. शेजारणीचा फोन आला, तुमच्या दारात कोण बसलंय, वॉचमनला बोलावू का म्हणून. शेवटी माझी मुलगी ऋता, तेव्हा पाचवीत होती, माझ्या हाताखालून वाकून बाहेर गेली आणि त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ऋता आत आली आणि म्हणाली, "आई, मी जाणार." तेव्हा कुठे हौसाबाय उठल्या आणि वळल्या. चेहरा साधाच, कुणाच्याही मावशीचा असावा तसा. पण डोळे माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, माझ्या मागे कुणी उभं असल्यासारखे. मी वळून पाहिलं. ऋता तर माझ्या शेजारी उभी होती, मागे कुणीच नव्हतं.

"मागं बगाचं नाय," त्या हसून म्हणाल्या. "खेलात तर अजाबात नाय."

नायगावला लागून असलेल्या जूचंद्र गावाच्या शिवेवर, एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला आमचे टॉवर आणि समोर खाडीपर्यंत पसरलेली पडीक जमीन, अशा जागी हौसाबाय मुलींना खो-खो शिकवत. कुठलं मंडळ नाही, बोर्ड नाही, शिट्टीसुद्धा नाही. गावातल्या मुली त्यांना 'आय' म्हणत, म्हणून टॉवरमधल्याही म्हणू लागल्या. मुली गोळा करण्याची त्यांची पद्धत एकच, जी माझ्यावर वापरली तीच. ज्या घरातून मुलीला सोडत नसत, त्या घराच्या दारात त्या पाठ करून बसत. भांडण नाही, विनवणी नाही. "मी बसलंय. पोर आली का उठन," एवढंच. घरातली माणसं आधी हसत, मग चिडत, मग त्या न हलणाऱ्या पाठीकडे बघून अस्वस्थ होत. जेवणवेळेपर्यंत बहुतेक घरं शरण येत. असं करत करत त्यांच्या हाताखालून इतक्या मुली गेल्या की आता त्यांतल्या काहींच्या मुली मैदानात पळत होत्या. कुणी पोलिसात आहे, कुणी शाळेत खेळ शिकवते, कुणी नुसतीच चार घरचे डबे करते, पण रस्त्यात भेटली की अजून ताठ चालते.

दुपार कलली की हौसाबाय चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन मैदान आखायला येत. त्या गावातल्या बायकांचा हात रांगोळीला बसलेला असतो, त्यामुळे दोरी न लावता त्या सरळ रेघा ओढत जात आणि पोरी चपला काढून मगच रेघेजवळ जात. फक्कीमुळे त्यांचे तळवे पांढरे, खरखरीत आणि ऐन उन्हाळ्यातही गार असायचे.

ज्यांना खो-खो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मलाही ठाऊक नव्हता. शाळेत खेळाच्या तासाला मी सगळ्यांची दप्तरं सांभाळायला बसत असे. दोन टोकांना दोन खांब, त्यांच्यामध्ये एका ओळीत आठ चौकोन. त्यात आठ मुली बसतात, एक आड एक, विरुद्ध बाजूंना तोंडं करून. नववी पळत असते, समोरच्या संघातल्या मुलीला पकडण्यासाठी. दमली किंवा मुलगी दुसऱ्या बाजूला निसटली, की ती बसलेल्या एखादीच्या पाठीवर मागून हात मारून 'खो' म्हणते. बसलेली उठून पळते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जी उठवते, ती बसते.

हौसाबायचं शिकवणं मात्र जगावेगळं होतं. त्या मुलींना डोळे मिटून बसवत आणि तोंडाने काही न म्हणता नुसता हात लावून उठवत. पंच लोक कुरकुरत, बाई, खो म्हटल्याशिवाय उठणं फाऊल आहे, तुमच्या पोरी नुसत्या स्पर्शाला उठतात. हौसाबाय म्हणत, "तोंडानं कोन पन खो बोलंल. समोरचीवाली पन फसवाला बोलंल. हात खोटा नाय बोलत. पाठीला कलतं." आणि खरंच, त्यांच्या मुली पाठीने ओळखत कोण आलंय ते. ऋता घरी अभ्यास करत बसलेली असताना मी मागून नुसती जवळ गेले तरी न बघता म्हणायची, "आई, चहात साखर जास्त झालीय का? दोनदा चमचा वाजला." मला ते कौतुकाचं वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे माझं लक्ष जायला वेळ लागला. हौसाबाय आठ चौकोन आखून झाले की खांबाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, एक जास्तीचा चौकोन आखत. नववा. खेळात त्याला काही काम नव्हतं. पळताना मुली त्याला वळसा घालत, चुकूनही त्यावर पाय देत नसत. आणि रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या थोडं आधी, खेळ संपला की हौसाबाय त्या चौकोनामागे जात, वाकत, बसलेल्या मुलीची पाठ जिथे असेल तेवढ्या उंचीवर हवेत हात ठेवत आणि हलकेच म्हणत, "खो."

इतर वेळी तोंडाने खो न म्हणणारी बाई इथे मात्र म्हणायची. मग थोडा वेळ तशीच उभी राहायची. मग त्या म्हणत, "आज नाय उठत," आणि लुगड्याला हात पुसून डबा उचलत. त्यानंतरच मुली घरी जायला निघत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ऋताला विचारलं, हा काय प्रकार? ती म्हणाली, "काही नाही गं, शेवटचा खो असतो तो." जसं काही सगळीकडेच असतो.

मी तशी भुताखेतांना हसणारी बाई आहे. आमच्या ऑफिसात लिंबू-मिरची लावायला निघाले तेव्हा ती लिंबं मी सरबताला नेली होती. त्यामुळे एकदा थंडीतल्या संध्याकाळी मी हौसाबायना सरळच विचारलं, "तिथं कोण बसतं?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हात लाव मातीला."

मी वाकून शेजारच्या जमिनीला हात लावला. थंड होती, हवेत गारठाच होता तेवढा. मग नवव्या चौकोनात हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. माती ऊन होती. नुकतंच कुणी बसून उठलं तर खुर्ची असते ना, तशी नव्हे. कुणी अजून बसलेलं असावं तशी. मी म्हटलं, दिवसभराचं ऊन इथे जास्त पडत असेल. हौसाबाय म्हणाल्या, "आसंल," आणि मग त्यांनी सांगितलं.

त्यांना एक मुलगी होती. निर्मला. गावच्या शाळेत खो-खो खेळायची. "पाय आसा तिचा, का जमिनीला लागतच नाय वाटाचा. मंग मोटी झाली. घरची मानसा बोलाला लागली, पोर धावते, चांगला दिसत नाय. घरची कशाला, मीच बोलली. बस आता घरान, बोलली. ती बसली. ओट्यावर बसाची, मैदानाकडं तोंड करून. पोरींचा आरडाओरडा ऐकाची. भात लावून झाला तवा तिला ताप आला. अंग आसा, का हात ठेववत नव्हता. तरी ओट्यावर जाऊन बसाची. एक दीस मी आतून हाक मारली, पेज पी गो. वलली नाय. परत मारली. नाय. मंग मागून जाऊन पाठीवर हात ठेवला. अंग अजून गरम व्हता, बाय. पन ती उठली नाय."

मला माझ्याच सरबताच्या लिंबांची लाज वाटली. मी म्हटलं, "ताप होता तिला. तुमचा काय दोष?"

"दोस नाय बोलत मी. खेल बोलतंय," हौसाबाय म्हणाल्या. "मी बसवली, मना उठवाला पायजे. बाकीच्या पोरींना उठवतंय, ती पन उठंल एक दीस. पन तिच्या जागी कुनाला तरी बसाला पायजे ना? मना अजून घाई नाय. ह्या पोरी जरा तयार होऊंदे."

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, ऋतालासुद्धा नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

हौसाबाय गेल्या त्या दिवशी शनिवार होता, म्हणून मी मैदानावर होते. खेळ छान झाला होता. ऋता आता नववीत होती आणि तिची मैत्रीण सायली, गावातलीच, दोघी पळायला लागल्या की बघत राहावं. खेळ संपल्यावर हौसाबाय नेहमीसारख्या नवव्या चौकोनामागे गेल्या, वाकल्या, 'खो' म्हणाल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या. 'आज नाय उठत' ऐकायच्या तयारीने मुलींनी पाण्याच्या बाटल्या उचलल्या होत्या. पण हौसाबाय काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी लुगड्याचा काष्टा सावरला, पाऊल पुढे टाकलं आणि त्या चौकोनात उकिडव्या बसल्या. खाडीकडे तोंड करून.

मुली हसल्या. आयने आज गंमत केली असं त्यांना वाटलं. वेळ जाऊ लागला तसं हसू थांबलं. कुणी जवळ जाईना. शेवटी सायली मागून गेली, तिने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आय, खो." हौसाबाय उठल्या नाहीत. पडल्याही नाहीत. मी वळसा घालून समोर गेले. डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर भाव होता तो आपली मुलगी पळताना बघणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असतो तसा. मैदानाच्या कडेला उभं राहून मी तो आयांच्या चेहऱ्यांवर शेकडो वेळा पाहिलाय. माझ्याही असणार.

मी त्या दिवशी खूप रडले. माझी ना नात्याची, ना जातीगोत्याची बाई, पण माझी आई गेली तेव्हा रडले नव्हते तितकी रडले.

सुतक फिटल्यावर मुलींनी आपापला खेळ सुरू केला. मोठ्या मुली लहानांना शिकवू लागल्या, फक्कीच्या रेघा थोड्या वाकड्या येऊ लागल्या. नववा चौकोनही आखत. त्यामागे जाऊन खो द्यायला मात्र कुणी धजावत नसे. आणि मग कुजबुज सुरू झाली. एखादी मुलगी भलत्याच वेळी उठायची. का उठलीस विचारलं तर म्हणायची, हात लागला. सगळ्या तिला चिडवायच्या. मग चिडवणारीच दुसऱ्या दिवशी उठायची.

आचोळ्याला सामने होते, तिथे मी स्वतः पाहिलं. सायली चौथ्या चौकोनात बसली होती. ऋता पळत होती, ती पार पहिल्या खांबाजवळ. मध्ये कुणी नाही. सायलीच्या मागे मोकळं मैदान, माझी नजर नेमकी तिथेच होती. आणि सायली एकदम उठली, कुणी ढकलावं तशी नव्हे, कुणी बोलवावं तशी. समोरची मुलगी निसटून तिच्याच बाजूला आली होती. सायलीने दोन ढांगांत तिला पकडलं. पंचांनी फाऊल दिला. बरोबरच होतं, खो कुणी दिलाच नव्हता. पण ज्याने कुणी दिला होता, त्याने अगदी नेमक्या क्षणी दिला होता.

सामना गेला. सायली रडत माझ्याकडे आली. "काकी, टच झाला ना! आईशप्पथ झाला!"

"आयची आठवण आली असेल तुला," मी तिची समजूत घातली.

"आयचा हात नव्हता तो. आयचा गार असायचा ना? हा छोटा होता. आणि गरम. ताप असल्यावर असतो ना, तसा."

मी ऋताकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली, "मलापण तसाच लागतो."

ही बातमी घरोघरी जायला काय वेळ लागतो? सायलीची आई, गीतावहिनी, दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली. ती स्वतः हौसाबायच्या हाताखाली खेळलेली. "खेल गेला खड्ड्यात, ताई," ती म्हणाली. "माज्या पोरीच्या पाठीवर कोन हात ठेवतंय ते मना कललाच पायजे. आन कलत नसंल तर पोर घरान बसंल." टॉवरमधल्या आयांचं म्हणणं वेगळ्या शब्दांत तेच. कुणी म्हणालं, नारळ द्या, कुणी म्हणालं, मुलींना समुपदेशकाकडे न्या. एकीने तर त्या जागेत निगेटिव्ह एनर्जी आहे म्हणून मीठ टाकायला सांगितलं. खाडीकाठच्या जमिनीत मीठ टाकायचं! मुली एकेक करून येईनाशा झाल्या. उरल्या त्यांनाही थांबवायचं ठरलं आणि ते सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण मी म्हणे नीट समजावून सांगते.

ऋताला मी आदल्या दिवशी घरीच सांगितलं. ती भात कालवत होती. तिने ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "म्हणजे घरी बस म्हणतेयस तू मला?"

"काही दिवस फक्त."

"तुला भीती वाटते म्हणून?"

भीती वाटतच होती. माझी पोर आहे, तिच्या पाठीला काय लागतंय याची मला भीती वाटणार नाही तर कुणाला? पण तिचे ते शब्द, घरी बस, घरात फिरत राहिले. ती गॅलरीत जाऊन बसली. मैदानाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, ती वळली नाही. नुसती रुसली होती हो. पण मी धावत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. उरल्यासुरल्या मुली जमल्या होत्या. गीतावहिनीही आली होती, सायलीला घरी न्यायला. मी सगळं सांगितलं. कुणी रडलं नाही, हेच जास्त वाईट होतं. मग ऋता म्हणाली, "शेवटचा एक डाव तरी खेळू दे." गीतावहिनीने मान डोलावली. मोजल्या तर बसायला एक मुलगी कमी.

"आई, तू बस," ऋता म्हणाली.

"मी?"

"नुसतं बसायचं तर आहे."

माझं वय, माझे गुडघे, माझा सलवार-कमीज, सगळ्यांची यादी माझ्या जिभेवर आली होती. पण त्या मुली अशा बघत होत्या, की मी गपचूप शेवटच्या चौकोनात, खांबाजवळ, उकिडवी बसले. समोर टॉवरच्या काचांवर शेवटचं ऊन होतं. खाडीकडून वारा येत होता. पाठ एकदम उघडी वाटायला लागते असं बसलं की. आयुष्यभर भिंतीला, खुर्चीला, दाराला टेकून बसणाऱ्या बाईला ते कळत नाही. मागे मुलींच्या पावलांचे आवाज होते, जवळ येत, लांब जात. आवाज लांब गेले. सगळ्या पार दुसऱ्या टोकाला होत्या, ऋताचा ओरडण्याचा आवाज मला तिकडूनच येत होता.

आणि माझ्या पाठीवर हात पडला.

लहान हात. कमीजच्या कापडातून त्याची ऊब मला लागली, तापल्या अंगाची. तोंडाने कुणी काही म्हणालं नाही. फक्त हात, आणि तो वाट बघत होता. मला किंचाळायचं होतं, वळून बघायचं होतं. कानात स्पष्ट आलं, मागं बगाचं नाय. तेव्हा मला कळलं, की हौसाबाय बसल्या त्या संध्याकाळी निर्मला उठली होती. ओट्यावरून उठली होती, पळत होती, इतकी वर्षं बसून राहिल्यावर आता पळत होती, आणि खो देत होती, दुसरं काय करणार? या पोरींना कुणी घरी बसवू नये म्हणून उठवत होती. ती कुणाला घाबरवायला आली नव्हती. खेळायला आली होती.

मी उठले आणि पळाले. कशी पळाले ते विचारू नका, ओढणी कुठे पडली ते दुसऱ्या दिवशी कळलं. समोरून निसटून येणारी सायली मला बघून हबकली आणि मी तिला धरलं. मुली ओरडल्या, "फाऊल! फाऊल!" आणि मग गप्प झाल्या, कारण त्यांनी माझा चेहरा पाहिला. मी धापा टाकत परत माझ्या चौकोनाजवळ गेले आणि मातीला हात लावला. गरम होती. मग खांब ओलांडून नवव्या चौकोनात हात ठेवला. तिथली माती गार होती.

गीतावहिनी कडेला उभी होती. "लागला?" तिने विचारलं.

"लागला," मी म्हटलं. आणि मग हौसाबायनी मला थंडीत सांगितलेली सगळी गोष्ट मी तिला आणि मुलींना तिथेच उभ्या उभ्या सांगितली. गीतावहिनी ऐकत राहिली. शाळेत ती निर्मलेच्या शेजारच्या चौकोनात बसायची, हे मला तेव्हा कळलं. शेवटी तिने डोळे पुसले आणि सायलीला म्हणाली, "उद्या टायमात ये. मी पन येतंय."

आता मी ऑफिसातून लवकर सुटते आणि मैदान आखते. गीतावहिनी शिकवते, मी दप्तरं सांभाळते आणि बसायला कमी पडलं तर बसते. काही आयांनी मुली परत पाठवल्या नाहीत. त्यांच्या दारात मी पाठ करून बसते. लोक हसतात, चिडतात, मग अस्वस्थ होतात. पद्धत अजून चालते. सामन्यांत आमच्या मुलींना अधूनमधून फाऊल मिळतो, तो आम्ही निमूट घेतो.

खेळ संपला की मी नवव्या चौकोनामागे जाते. गार मातीच्या वर, हौसाबायच्या पाठीइतक्या उंचीवर हात ठेवते आणि म्हणते, "खो." थोडा वेळ थांबते. मग म्हणते, "आज नाही उठत," आणि मुली निघतात.

परवा ऋताने विचारलं, "आणि एखाद्या दिवशी उठल्या तर?"

"तर मी त्यांच्या जागी बसेन," मी म्हटलं. "आणि तू रोज येऊन मला खो द्यायचास."

ती हसली नाही. तिने माझ्या हातातून फक्कीचा डबा घेतला आणि पुढे चालू लागली.